मागाहून फिटणारे ऋण

कोथरूड मागे टाकून पौडचा रस्ता चांदणी चौकाची चढण चढतो आणि पलीकडे मुळशी तालुक्याच्या अंगाने उतरू लागतो, तेथे उजव्या हातास रामनदीच्या खोऱ्यात बावधन पसरलेले आहे. ज्या गावाचा संसार अगदी अलीकडेपर्यंत शेतीवर चालत होता, त्याचा बुद्रुक भाग २०२१ च्या जूनअखेर पुणे महापालिकेच्या हद्दीत आला, आणि त्याच्या वेशीपर्यंत मेट्रो नेण्याच्या प्रस्तावास केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ जून २०२५ रोजी मंजुरी दिली. वनाझ ते चांदणी चौक हा १.१२ किलोमीटरचा उन्नत मार्ग आणि शहराच्या दुसऱ्या टोकास रामवाडी ते वाघोली हा ११.६३ किलोमीटरचा मार्ग, अशा दोन्ही विस्तारांचा एकत्रित खर्च ३,६२६.२४ कोटी रुपये धरलेला असून तो केंद्र शासन, राज्य शासन आणि परदेशी वित्तसंस्था यांनी समान वाट्याने उचलावयाचा आहे.

एवढी रक्कम कोण देणार, याची चर्चा वर्तमानपत्रांत होते. ती कोणाला आधी आणि कोणाला मागाहून परत मिळणार, याची चौकशी मात्र बहुधा कोणी करीत नाही. आणि तरीही कोणत्याही मोठ्या उद्योगाच्या अर्थरचनेत याच प्रश्नाच्या उत्तरावर सर्वाधिक काळजीपूर्वक कलमे लिहिलेली असतात. पुणे मेट्रोच्या मूळ दोन मार्गांच्या वेळी युरोपीय गुंतवणूक बँक आणि फ्रेंच विकास संस्था यांच्याकडून कर्ज घेतले गेले. केंद्र आणि राज्य यांनी महामेट्रो या संयुक्त कंपनीच्या भागभांडवलात रक्कम घातली. आणि या दोहोंच्या मध्ये तिसऱ्या प्रकारची एक रक्कम होती, जिला राज्य शासनाच्या निर्णयांत ‘बिनव्याजी दुय्यम कर्ज’ असे म्हटलेले आढळते. केंद्रीय करांपोटी, राज्याच्या करांपोटी आणि भूसंपादनापोटी जो खर्च येतो, तो या सदराखाली शासनच देते, आणि परदेशी संस्थांचे कर्ज फिटल्यानंतर तो हळूहळू परत यावा अशी अपेक्षा असते.

दुय्यम कर्ज ही संज्ञा वित्तशास्त्रात कोणत्या अर्थाने वापरली जाते, हे या एका उदाहरणावरून बरेचसे स्पष्ट व्हावे. ऋणको अडचणीत आला, त्याचा कारभार गुंडाळण्याची वेळ आली आणि मालमत्ता विकून आलेली रक्कम सर्वांना पुरेना, तर इतर धनकोंचे देणे पूर्ण फिटेपर्यंत आपण आपले मागणे पुढे करणार नाही, असे ज्या कर्जाच्या दस्तऐवजातच धनकोने मान्य केलेले असते, ते दुय्यम कर्ज होय. ज्यांचे मागणे आधी भागवावयाचे ते अग्रक्रमाचे धनको. त्यांच्या मागून दुय्यम कर्जाचे धनको. आणि या सर्वांच्या मागून, काही उरलेच तर, भागधारक. म्हणजे या कर्जाचा धनको मालकही नसतो आणि पुरता सावकारही नसतो. त्याला ठरलेले व्याज व ठरलेली मुदत असते, म्हणून तो सावकार. पण तोटा पोहोचण्याच्या क्रमात तो मालकाच्या अगदी शेजारी उभा असतो.

मेट्रोच्या बाबतीत शासनाने हा मार्ग का स्वीकारला, याचे कारण मोठे मनोवेधक आहे. ही पद्धत दिल्लीहून आलेली आहे. १९९५ साली दिल्ली मेट्रोची कंपनी स्थापन झाली तेव्हा तिच्यात केंद्र आणि दिल्ली सरकार यांचा हिस्सा समसमान असावा असे ठरले होते. आता भूसंपादनाचा बोजा एका सरकारवर पडतो, करांची आकारणी दुसरे सरकार करते, आणि या रकमा जर भागभांडवल म्हणून धरल्या तर मालकीचे पारडे एका बाजूस झुकते व समानतेचा मूळ करारच कोलमडतो. त्या अनुदान म्हणून देऊन टाकाव्यात, तर त्यांवरचा हक्कच संपतो. साधे कर्ज म्हणून द्याव्यात, तर जपानी किंवा युरोपीय संस्था विचारणार की तिकिटांच्या उत्पन्नातून आमचे हप्ते आधी की तुमचे? या तिन्ही अडचणींतून निघालेली वाट म्हणजे बिनव्याजी दुय्यम कर्ज: मालकीचे प्रमाण बदलत नाही, हक्क खातेवहीत शिल्लक राहतो, आणि परदेशी धनकोचा अग्रक्रमही अबाधित राहतो. सरकारी अर्थकारणात इतकी नेमकी, इतकी कमी शब्दांत बसणारी तोड क्वचितच पाहावयास मिळते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता हिशेबाकडे वळू. समजा, पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यात एक छोटासा कारखाना आहे आणि त्यात एकूण एक कोटी रुपये गुंतलेले आहेत: बँकेचे साठ लाख, दुय्यम कर्जाचे पंचवीस लाख, आणि मालकाचे स्वतःचे पंधरा लाख. कारखाना बुडाला आणि यंत्रे, शेड, माल यांचा लिलाव होऊन पंचाहत्तर लाख हाती आले. सर्व धनको एकाच क्रमाचे असते तर पंचाऐंशी लाखांच्या देण्यास पंचाहत्तर लाखांची भरपाई, म्हणजे रुपयामागे सुमारे ८८ पैसे प्रत्येकास मिळाले असते. परंतु क्रम ठरलेला असल्यामुळे बँकेस तिचे साठ लाख पुरतेपणी मिळतात, दुय्यम धनकोस उरलेले पंधरा लाख, म्हणजे रुपयामागे ६० पैसे मिळतात, आणि मालकाच्या हाती काही लागत नाही. लिलावात पंचावन्न लाखच आले असते तर बँकेची रुपयामागे सुमारे ९२ पैशांवर बोळवण झाली असती आणि दुय्यम धनकोस एक कवडीही मिळाली नसती. एकाच कारखान्याला, एकाच वर्षी, एकाच चलनात दिलेल्या दोन कर्जांचे भवितव्य इतके भिन्न होऊ शकते, ते केवळ क्रमामुळे. दुय्यम कर्जाला व्याज अधिक द्यावे लागते याचे कारणही याच हिशेबात आहे: ते अधिक व्याज हा तोटा आधी सोसण्याचा मोबदला असतो, आणि ज्याला तो मोबदला औदार्य वाटतो त्याने आपल्या पैशाचे स्थान ओळखलेले नसते.

मुळशीतल्या शेतकऱ्याला क्रमाची ही कल्पना परकी नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात पहिला बोजा कोणाचा आणि दुसरा कोणाचा, हे पाहिल्यावाचून कोणी शहाणा मनुष्य जमिनीवर पैसे देत नाही. मात्र सातबाऱ्यावरचा दुसरा बोजा आणि वित्तव्यवहारातले दुय्यम कर्ज यांत एक मूलभूत भेद आहे. एकाच मिळकतीवर निरनिराळ्या वेळी निर्माण झालेल्या हक्कांपैकी आधीचा हक्क वरचढ, हे तत्त्व १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४८ व्या कलमात घातलेले आहे. तेथे क्रम तारखेने ठरतो. दुय्यम कर्जात तो कराराने ठरतो. दहा वर्षांपूर्वी पैसे दिलेला मनुष्य काल आलेल्या बँकेच्या मागे जाऊन उभा राहू शकतो, कारण त्याने तसे लिहून दिलेले असते. शिवाय दुसऱ्या बोज्यास निदान जमिनीचे तारण तरी असते. दुय्यम कर्ज बहुतांशी बिनतारणीच असते.

आणि असे लिहून देणारे लोक आपण समजतो त्याहून फार अधिक आहेत. लहान कारखानदार खेळत्या भांडवलासाठी बँकेकडे जातो तेव्हा त्याच्या ताळेबंदात मित्र आणि नातेवाईक यांच्याकडून घेतलेली बिनतारणी कर्जे हटकून असतात: भावाने दिलेले पाच लाख, सासऱ्यांनी निवृत्तीच्या रकमेतून दिलेले दहा लाख, पत्नीच्या नावे असलेली काही रक्कम. बँकेचा अधिकारी ते पाहतो आणि मंजुरीपत्रात एक अट घालतो की, बँकेचे कर्ज चालू असेतोपर्यंत या रकमा काढून घेतल्या जाणार नाहीत व बँकेच्या येण्यानंतरच त्या फेडल्या जातील. तशा हमीपत्रावर सह्या होतात. बँक त्या रकमांना जवळजवळ भांडवलाच्या बरोबरीचे मानते आणि त्यांच्या बळावर अधिक कर्ज देते. त्या क्षणी सासऱ्यांच्या पैशाचे स्वरूप बदललेले असते. घरगुती उसनवारीचे रूपांतर दुय्यम कर्जात झालेले असते, आणि बहुतेक घरांत सही करणाऱ्याखेरीज कोणालाही त्याचा पत्ता नसतो. बँकेची अट अन्यायाची आहे असे मुळीच नाही. ठेवीदारांचा पैसा देताना तिने आपला क्रम राखलाच पाहिजे. परंतु ज्या वृद्धाने जावयाच्या अडीअडचणीस धावून जाण्यासाठी पैसे दिले, त्याला आपण आता कोणाच्या मागे उभे आहोत हे समजावून सांगणे, हे त्या घराचे कर्तव्य होते, आणि ते बहुधा पार पाडले जात नाही.

आपल्याकडील लग्नकार्यात पाहुण्यांची पंगत आधी उठते आणि यजमान, घरची माणसे व वाढपी शेवटच्या पंगतीस बसतात; अन्न कमी पडले तर उपास घडतो तो घरच्यांना, आणि त्यात कोणाला अन्याय वाटत नाही, कारण कार्य त्यांचे असते व त्याचे श्रेयही त्यांनाच मिळावयाचे असते. शासन मेट्रोला दुय्यम कर्ज देते तेव्हा ते अशाच यजमानाच्या नात्याने देते: पैसा उशिरा आला तरी रस्त्यावरची गर्दी घटते, जमिनीचे मूल्य वाढते, कर वाढतात. कारखानदाराचा भाऊ पैसे देतो तेव्हा त्याचाही कार्यात जीव असतो. दुय्यम कर्ज न्याय्य केव्हा आणि अन्याय्य केव्हा, याची माझ्या मते हीच कसोटी आहे. ज्याचे कार्य आहे आणि ज्याला उपास सोसतो त्याने शेवटी बसावे. आमंत्रण देऊन आणलेल्या परक्या माणसास न सांगता त्या पंगतीत बसविणे हा अपराध आहे.

करोनाच्या संकटात केंद्र शासनाने या कर्जप्रकाराचा उपयोग लघुउद्योगांसाठीही करून पाहिला. २०२० च्या जूनमध्ये नितीन गडकरी यांच्या खात्याने सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना दुय्यम कर्जाची पतहमी देणारी योजना सुरू केली. एकूण वीस हजार कोटींच्या हमीची तिची मर्यादा होती. अडचणीतल्या उद्योगाच्या प्रवर्तकास त्याच्या गुंतवणुकीच्या १५ टक्के किंवा ७५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती कर्जाऊ मिळे, ती त्याने आपल्या उद्योगात भांडवलासारखी घालावयाची होती, आणि त्या कर्जाच्या ९० टक्के रकमेची हमी शासन घेत होते. ज्या उद्योगात नवे भांडवल घालावयास कोणी धजत नाही, त्यात मागच्या क्रमाचा पैसा घालून पुढच्या क्रमाच्या धनकोस धीर द्यावा, हा त्यामागचा विचार होता.

परंतु दुय्यम कर्जाचा सर्वांत विस्तृत आणि सामान्य माणसाच्या खिशाशी सर्वांत निगडित असा उपयोग खुद्द बँकाच करतात. बँकेने दिलेली कर्जे बुडाली तर तोटा ठेवीदारांपर्यंत पोहोचण्याआधी तो सोसणारे काही भांडवल तिच्यापाशी असलेच पाहिजे, हा बासेल येथे ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांचा गाभा आहे, आणि रिझर्व्ह बँकेने ते नियम आपल्याकडे लागू केलेले आहेत. या भांडवलाची प्रतवारी असते. भागभांडवल व राखीव निधी ही अव्वल प्रत. त्याखाली ‘एटी-१’ या नावाने ओळखले जाणारे बेमुदत रोखे, ज्यांवरचे व्याज बँक काही परिस्थितींत थांबवू शकते. आणि दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे ज्याला बँकवाले ‘टियर टू’ म्हणतात त्यात, किमान पाच वर्षांच्या मुदतीचे दुय्यम कर्जरोखे. पुण्यात मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रसारख्या सरकारी बँकाही असे रोखे वेळोवेळी काढतात. कर्ज असूनही त्याला भांडवल म्हणावयाचे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. पण तोटा सोसण्याच्या क्रमात ते ठेवीदाराच्या आधी येते, एवढ्यापुरते ते भांडवलच असते. मुदत संपत आली की त्याचा हा गुण ओसरतो, म्हणून परतफेडीस पाच वर्षांहून कमी काळ उरला की दरवर्षी त्यातील २० टक्के रक्कम भांडवलातून वजा धरली जाते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नागरी सहकारी बँकांना शेअर बाजारातून भांडवल उभारता येत नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेने २००८ साली त्यांना दीर्घ मुदतीच्या दुय्यम ठेवी स्वीकारण्याची मुभा दिली. त्या वेळी या ठेवींची मुदत किमान पाच वर्षांची ठरविली गेली; त्या भागभांडवलाच्या पुढे पण सर्व साध्या ठेवीदारांच्या मागे असतात, आणि बँकेच्या भांडवलात धरल्या जातात. बँक सशक्त असेल तर सभासदांनी आपल्या संस्थेस असा आधार देणे हे सहकाराच्या मूळ प्रेरणेस धरूनच आहे. तथापि ‘ठेव’ हा शब्द आपल्याकडे विश्वासाचा आहे. तो कानी पडताच पुढची कलमे वाचण्याची गरज उरली नाही असे पुष्कळांना वाटते, आणि धोका नेमका तेथेच आहे.

हा धोका काल्पनिक नाही, हे २०२० या एकाच वर्षात दोनदा दिसले. मुंबईच्या येस बँकेवर ५ मार्च रोजी निर्बंध आले, ठेवीदारांना पन्नास हजारांपेक्षा अधिक रक्कम काढण्यास मनाई झाली, आणि आठवड्याभरात भारतीय स्टेट बँक व अन्य बँकांच्या भांडवलावर तिची पुनर्रचना झाली. ठेवी वाचल्या, परंतु ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-१ रोखे बँकेवर नेमलेल्या प्रशासकाने रद्दबातल ठरविले. भागधारकांचे भाग मात्र, त्यातील मोठ्या हिश्श्याच्या विक्रीवर तीन वर्षे बंदी असली तरी, अस्तित्वात राहिले. क्रमाने मागे असलेला वाचला आणि त्याच्या पुढचा बुडाला! मुंबई उच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी प्रशासकाचा तो निर्णय रद्द केला, आणि त्या निकालाच्या अंमलास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रेडिट स्विस बँकेचे सुमारे सोळा अब्ज फ्रँकांचे अशाच प्रकारचे रोखे शून्यवत झाले, आणि तेथेही भागधारकांच्या पदरी काही पडले.

दुसरी घटना करूरच्या लक्ष्मी विलास बँकेची. नोव्हेंबर २०२० मध्ये ती डीबीएस बँकेच्या भारतीय उपकंपनीत विलीन झाली, तेव्हा भागभांडवलाबरोबर ३१८.२० कोटींचे दुसऱ्या श्रेणीचे दुय्यम रोखेही पूर्णतः बुडाले आणि ठेवीदार सुरक्षित राहिले. येथे क्रम जसा लिहिला होता तसाच पाळला गेला. कठोर, पण नियमानुसार.

येस बँकेच्या प्रकरणातील खरी वेदना रोखे रद्द होण्यात नाही, ते कोणाच्या हाती होते यात आहे. सेबीच्या एप्रिल २०२१ च्या आदेशानुसार १,३४६ वैयक्तिक गुंतवणूकदारांनी त्यांत सुमारे ६७९ कोटी रुपये घातले होते, आणि ते रोखे ‘सुपर एफडी’ म्हणून, जोखमीची पुरेशी कल्पना न देता त्यांच्यापुढे मांडले गेले, असा निष्कर्ष सेबीने काढून बँकेस २५ कोटींचा दंड ठोठावला. बँकेने त्याविरुद्ध अपील केले. तत्पूर्वीच, ऑक्टोबर २०२० मध्ये, असे रोखे केवळ पात्र संस्थात्मक खरेदीदारांनाच द्यावेत आणि किमान वाटप एक कोटी रुपयांचे असावे, असा नियम सेबीने केला. हा नियम मला सर्वथैव योग्य वाटतो. विमा कंपनी किंवा निवृत्तिवेतन निधी यांच्यापाशी ताळेबंद वाचणारे तज्ज्ञ असतात व एका रोख्याचा तोटा शंभर रोख्यांत जिरविता येतो. बावधनच्या एखाद्या सोसायटीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षकापाशी यांपैकी काहीही नसते.

अग्रक्रम कायद्यानेही ठरतो, हे सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या ५३ व्या कलमात कंपनी मोडीत काढताना कोणाचे देणे कोणत्या क्रमाने द्यावयाचे याची पायरीवार तरतूद आहे: प्रथम प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे दोन वर्षांचे वेतन आणि तारण सोडून देणारे सुरक्षित धनको समान पातळीवर, मग इतर कर्मचारी, मग बिनतारणी वित्तीय धनको, मग शासकीय देणी, उर्वरित देणी, अग्रहक्क भागधारक आणि सरतेशेवटी सामान्य भागधारक. शासनाने आपली करवसुली बिनतारणी धनकोच्याही मागे ठेवली, ही या कलमातील मोठी धीराची गोष्ट आहे. आणि बँकेच्या साध्या ठेवीदारास, तो कोणत्याही क्रमात असो, पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण फेब्रुवारी २०२० पासून मिळालेले आहे. १९१२ साली पुण्यात स्थापन झालेल्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, तेव्हा पाच लाखांच्या आतील ठेवीदारांना आधार वाटला तो या विम्याचाच.

म्हणून वाचकांस आग्रहाची विनंती आहे. कोणत्याही बँकेत, पतसंस्थेत अथवा कंपनीत नेहमीहून अधिक व्याजाची ठेव किंवा रोखा समोर आला, किंवा घरच्या धंद्यासाठी दिलेल्या पैशाबद्दल बँकेच्या एखाद्या हमीपत्रावर सही मागितली गेली, तर व्याजाचा दर पाहण्याआधी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: ही संस्था बुडाली तर माझ्या आधी कोणाकोणाचे देणे फिटेल, आणि या रकमेला ठेवविम्याचे संरक्षण आहे की नाही. उत्तर मिळण्यास टाळाटाळ होत असेल तर पैसे घेऊन सरळ घरी परत यावे.